घरातली माणसं कादंबरीत नेताना

आमच्या इचलकरंजीच्या घरावर आणि घराला लागून असलेल्या मागाच्या शेडवर मी कादंबरी लिहिली, ती छापून आली, आणि तेव्हापासून ओळखीतली बरीच जणं विचारतात की हे नेमकं केलंस कसं, मलाही आमच्या घराबद्दल लिहायचंय पण सुरुवातच होत नाही. म्हणून जसं झालं तसं लिहून काढतेय. लांबलचक होईल, कारण कामच लांबलचक होतं, पतसंस्थेतली नोकरी सांभाळून रात्रीचं लिहायचं म्हणजे वर्षं जातात.

आधी घराबद्दल थोडं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि त्यानंतर सगळं गावच हळूहळू मागाचं होत गेलं. आमचे आबा खर्चीवाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खर्चीवाला म्हणजे माग स्वतःचे, शेड स्वतःची, पण सूत व्यापाऱ्याचं, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ तो देणार, बाना म्हणजे आडवा धागा तो देणार, आपण कापड विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या गणतीवर, मजुरी घ्यायची. त्या मजुरीतनं कामगाराचा पगार, लाईट बिल, माग दुरुस्त करणारा जॉबर, कांड्यांवर सूत भरणारी कांडीवाली, हिशेब लिहिणारे दिवाणजी, सगळं. उरलं तर घर. मालक म्हणावं तर मालक नाही आणि कामगार म्हणावं तर कामगार नाही अशी ही मधली जागा आहे आणि तिच्याबद्दल मला कुठं फारसं वाचायला मिळालं नव्हतं, लिहायचं खरं कारण हेच.

पहिले कैक महिने मी फक्त गोळा करत होते. आईला, आत्याला, जुन्या जॉबरकाकांना फोनवर बोलतं करायचं आणि रेकॉर्ड करून ठेवायचं. शेडमध्ये चालू मागात बोललेलं ऐकू येत नाही त्यामुळे आमच्याकडची माणसं ओठ बघून समजतात, आणि निवांत घरात बसलं तरी मोठ्यानंच बोलतात, ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये आलं. मागातनं आडवा धागा नेणारा धोटा उडून कुणाच्या कपाळाला लागला ते, दिवाळीच्या बोनसला कोण कसं अडून बसलं ते, पंचगंगेचं पाणी कुठंपर्यंत आलं ते. हे सगळं टाईप केलं, वर्षाप्रमाणे लावलं आणि वाचलं तर एकूण एक खरं होतं आणि तरी त्यात पुढं जाणारं काहीच नव्हतं. एक प्रसंग संपला की दुसरा. शिवाय त्यातली सगळी माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती, म्हणजे आबा होते ते माझे आबा म्हणून, आई होती ती माझी आई म्हणून. मी खोलीतनं बाहेर गेले की त्यांचं काय चालायचं ते त्या पानांत कुठंच नव्हतं.

मग मी लिहायचं थांबवलं आणि वाचायला लागले. मराठीत स्वतःच्या आयुष्यातनं कादंबरी कुणी कुणी काढली आणि काढताना नेमकं काय केलं एवढंच बघायचं ठरवलं, गोष्ट आवडली की नाही ते बाजूला ठेवून. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली हे लहानपणापासून ऐकलेलं, पण आता वाचताना लक्ष गेलं ते मांडणीकडे. गुरुजींचं नाव पांडुरंग आणि पुस्तकात श्याम आहे, आणि तो श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे लेखक आणि आई यांच्यामध्ये एक सांगणारा आणि एक ऐकणारा घोळका बसवलाय. 'बलुतं' १९७८ चं, ते तर कादंबरी नाही, आत्मकथन आहे, पण तिथंही दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघं एकच! तरी सांगणारा वेगळा आणि लिहून घेणारा वेगळा. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जो सोसतो आणि जो लिहितो ते एका नावाचे असले तरी कागदावर त्यांच्यात थोडं अंतर पाडावं लागतं, ते कसं पाडायचं हे ज्याचं त्यानं शोधायचं.

आणि मग बेडेकरांचं घर. विश्राम बेडेकरांनी इंग्लंडहून बोटीनं परत येतानाच्या प्रवासावरून 'रणांगण' लिहिली, १९३९ ची, महायुद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर जर्मनीतनं बाहेर पडलेले ज्यू. त्याच माणसानं पुढं चार-साडेचार दशकांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा ते तृतीयपुरुषात लिहिलं, म्हणजे जे सरळ 'मी' म्हणून लिहायचा अधिकार होता तिथं 'तो' घेतला. त्यांच्या पत्नी मालतीबाई, पूर्वीच्या बाळूताई खरे. त्यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं कथा छापल्या तेव्हा ही बाई कोण म्हणून महाराष्ट्रात गदारोळ झाला. नंतर त्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कामाला होत्या, ज्या जमातींना इंग्रज सरकारनं गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं तिथं, आणि त्या अनुभवातनं १९५० साली 'बळी' आली. 'बळी' मी दोनदा वाचली. तो अनुभव त्यांचाच, नोकरी त्यांचीच, पण कादंबरी स्वतःबद्दल नाही, कुंपणाच्या आतल्या माणसांबद्दल आहे. आपल्या आयुष्यातनं लिहायचं म्हणजे मध्यभागी आपणच बसायचं असं काही नाही, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं आणि त्यासाठी मी मालतीबाईंची कायम ऋणी राहीन.

आमच्या शेजारच्या कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' तर घरातलीच वाटते. १९८७ ची, १९९० चा साहित्य अकादमी मिळाला. शिकू न देणारा बाप त्यात आहे, आणि वाचताना आपल्याला त्या बापाचा राग येतो पण त्याच्या डोक्यावरचं शेतही दिसत राहतं. मला माझ्या आबांचा राग होता, तो का ते पुढं सांगते.

वाचून झाल्यावर पहिला मोठा निर्णय घेतला तो म्हणजे मुलगी बदलायची. घरात मी शेंडेफळ, माझ्यावर एक दादा. कादंबरीतली सुमन मी थोरली केली. हे एवढं एक केलं आणि सगळं हललं, कारण मागवाल्याच्या घरात थोरल्या पोरीला शाळेतनं आल्यावर कांड्या भरायला बसावं लागतं, पगाराच्या दिवशी कामगारांसाठी चहा टाकावा लागतो, व्यापाऱ्याकडं निरोप घेऊन जावं लागतं. मी यातलं काहीच केलेलं नव्हतं, मला सगळे सांभाळायचे. त्यामुळे सुमनला जे दिसतं ते मला दिसलेलं नव्हतं, आणि ते मला विचारून विचारून, शेडमध्ये जाऊन उभं राहून शिकावं लागलं. आत्याची कांडी मशीनवर बसायची पद्धत, एका हातानं रिकामी काढायची न् दुसऱ्यानं भरलेली टाकायची, ती मी तिच्याकडनं समोर बसून करून घेतली. कापसाची बारीक धूळ पापण्यांवर बसते ती घरी येईपर्यंत जात नाही. माझ्या मते स्वतःच्या आयुष्यावरच्या लिखाणात सर्वात जास्त रिसर्च लागतो, कारण आपल्याला वाटत असतं की माहितीये.

आता आबांचा राग. बारावीनंतर मला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि आबांनी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही, नाही म्हणजे नाही. मी कोल्हापुरातच शिकले. पहिल्या खर्ड्यात या प्रसंगाला भरपूर जागा होती आणि त्यात आबा म्हणजे नुसता एक आवाज होता, दारात उभा राहून नाही म्हणणारा. आबा आता नाहीत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या मात्र आईनं ठेवल्यात, लाल पुठ्ठ्याच्या, दिवाणजींच्या अक्षरात आणि मध्ये मध्ये आबांच्या. त्या वर्षीची वही काढून मी बसले. मजुरी इकडं ५२ पिकाला मीटरमागं इतके पैसे अशी ठरते, त्या हिशेबानं आलेले आकडे एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला. त्या वर्षी मजुरीचा दर पडलेला, दोन बीम खराब सुताची निघालेली त्या कापडाचे पैसे व्यापाऱ्यानं कापलेले, आणि ऑक्टोबरात कामगारांच्या बोनसची पूर्ण रक्कम गेलेली, त्याच पानावर खाली एका नातेवाइकाकडनं उसने घेतलेले. पोरीच्या हॉस्टेलचे पैसे नव्हते. तो माणूस हे कधी बोलला नाही, ना आईला ना मला.

यावर मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. वही बघून आबांना माफ केलं असं काही झालं नाही, राग होता तो थोडा आहेच, विचारलं असतं तर सांगता आलं असतं की. पण कादंबरीत मला पहिल्यांदा एक असा प्रसंग लिहिता आला ज्यात मी नाहीच. आबा सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देतात त्या कारखान्याच्या, दारात स्कूटर लावून उभे आहेत, व्यापाऱ्याचा मुनीम आत आहे, आणि बोनसच्या आधी अॅडव्हान्स मागायचा की नाही हे त्यांचं ठरत नाहीये. हे घडलं का, मला माहीत नाही. वहीत फक्त आकडा आहे. तो आकडा आणि आबांची उभं राहायची सवय, खिशातल्या किल्ल्या वाजवत, एवढ्यावर सगळं रचलंय. हे प्रकरण लिहून झालं त्या रात्री मला कळलं की आता ही कादंबरी आहे, आत्तापर्यंत जे होतं ते आठवणींचं गाठोडं होतं.

आत्याचं मात्र वेगळं झालं. आत्याचं लग्न मोडलं होतं, ती माहेरी परत आली आणि आयुष्यभर आमच्या शेडमध्ये राबली. तिच्यावर एक मोठं प्रकरण मी लिहिलेलं, सगळ्यात चांगलं तेच उतरलं होतं असं ज्यांनी वाचलं ते म्हणाले. नाव बदललेलं, गाव बदललेलं. तिला वाचून दाखवलं, कारण तिच्या आयुष्यातलं तिला न दाखवता छापायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं लिवलंयस. पर ह्ये छापू नगंस. नाव बदललंस म्हणून गल्लीला कळायचं ऱ्हातंय व्हय? त्ये माझं हाय, मी कुणाला दिल्यालं न्हाई." मी समजावायचा प्रयत्न केला की आत्या, तुझ्यासारख्या कितीतरी जणी वाचतील, त्यांना बरं वाटेल. तर म्हणाली, "त्यास्नी त्यांचं सांगू दे की."

यावर काय बोलणार. प्रकरण काढलं. मित्रमैत्रिणींपैकी काही जणांचं म्हणणं पडलं की लेखकानं असं ऐकत बसायचं नसतं, साहित्य साहित्याच्या जागी. मला ते मान्य नाही. माझ्या स्वतःच्या आयुष्यावर माझा हक्क आहे, पण माझ्या आयुष्यात दुसऱ्यांची आयुष्यं गुंतलेली आहेत आणि ती मी वाटेल तशी वापरायला माझ्या मालकीची नाहीत. प्रत्येकानं हे आपापलं ठरवावं, कुणी उलटं ठरवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण कधी कधी ज्यानं त्रास दिला तोच परवानगी नाकारायला पुढं असतो आणि तिथं ऐकलं तर खरं कधीच लिहिलं जाणार नाही. आत्यानं कुणाला त्रास दिला नव्हता. एवढा फरक मला पुरेसा होता.

आता शेडमध्ये एक खिंडार पडलं. कांडी मशीनवर कुणीतरी हवं होतं. मग मी एक बाई पूर्ण कल्पनेतनं तयार केली, कर्नाटकातनं, चिक्कोडीकडनं आलेली, मराठी बोलताना कानडी हेल येणारी, नवरा मागावर आणि ती कांडीवर. अशी जोडपी इचलकरंजीत पुष्कळ आहेत पण हीच अशी माझ्या ओळखीची कुणी नव्हती. तिला लिहिताना मला जेवढी मोकळीक मिळाली तेवढी कुठल्याच पात्राच्या वेळी मिळाली नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांना तीच सगळ्यात खरी वाटली.

आईला सगळं वाचून दाखवलं, रोज रात्री जेवणं झाल्यावर थोडं थोडं. बाकी कशाला तिनं हरकत घेतली नाही, एका ठिकाणी घेतली. शेवटी माग भंगारात जातात असं आमच्याकडं खरोखर झालं, किलोवर तोलून नेले. मी आबांना त्या दिवशी रडताना दाखवलं होतं. आईनं हात वर केला, थांब म्हणाली. "त्ये कवा रडल्यात? त्या दिवशी तर भंगारवाल्याच्या काट्याजवळनं हालले न्हाईत. वजनं बघत हुते. दोनदा तोलायला लावलं." मी तेव्हा कोल्हापुरात नोकरीवर होते, मला हे ठाऊकच नव्हतं. रडणं काढलं, वजनकाटा ठेवला. आता ते पान माझं मलाच वाचवत नाही इतकं जड झालंय, ते आईचं पान आहे.

मग छापण्याकडं वळले. एका वकील मैत्रिणीला हस्तलिखित दिलं होतं, कारण सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' छापलं की झालं असं लोक समजतात. तिनं सांगितलं की त्या ओळीनं बचाव थोडाफार होतो पण माणूस ओळखू येत असेल आणि बदनामी होत असेल तर ती ओळ एकटी पुरत नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, पूर्वी ४९९-५०० होतं, आणि मेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना दुखवायच्या हेतूनं लिहिलं तरी ते लागू शकतं. म्हणून व्यापाऱ्याचं पात्र मी तीन वेगवेगळ्या माणसांमधून केलं, दुकानाची जागा बदलली, त्याची बोलायची लकब भलत्याच एका माणसाची लावली. हे भीतीनं केलं पण झालं बरं, आधीचा व्यापारी नुसता दुष्ट होता, आताच्याला दोन मुली आहेत आणि त्याचं पेमेंट सुरतेत अडकलंय.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित आवडल्याचं सांगितलं आणि म्हणाले, 'मी' करून द्या, आत्मकथन म्हणून काढू, लोकांना खरं वाचायला आवडतं. मी नाही म्हटलं. तिथं फोन ठेवताना हात थरथरत होता कारण दुसरं कुणी घेईल याची खात्री नव्हती. पण सुमन मी नाही, आबांचा सायझिंगच्या दारातला प्रसंग घडल्याचा पुरावा नाही, कांडीवाली बाई अस्तित्वात नाही. आत्मकथन म्हणून हे देणं म्हणजे वाचकाला फसवणं. 'कोसला' १९६३ ला आली तेव्हापासून लोक पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच म्हणत आलेत, गाव सांगवी आणि नायकाचं आडनाव सांगवीकर, वय पंचवीस, नेमाडे १९३८ चे म्हणजे तेही तेवढेच. तरी पुस्तक कादंबरी म्हणूनच आहे आणि कादंबरी म्हणूनच वाचावं लागतं. वाचकाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मुखपृष्ठावरचा शब्द खरा असला पाहिजे.

दुसऱ्या, लहान प्रकाशकांनी 'कादंबरी' म्हणूनच घेतली. प्रुफांत मात्र भांडण झालं. 'कराललाय', 'बसलालीस', 'जाऊ या की' हे आमच्याकडचं सगळं कुणीतरी प्रमाण करून पाठवलं होतं, आणि बाई पुरुषासारखं 'मी आलो' म्हणते ते 'आले' करून टाकलेलं. आमच्या भागात बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, माझी आई तसंच बोलते. एकूण एक ठिकाणी परत करून घेतलं. निवेदन प्रमाण ठेवलं आणि बोलणं गावाचं. यावर मी तडजोड केली नाही आणि पुढंही करणार नाही.

पुस्तक आल्यावर दादानं एका रविवारी सलग वाचून काढलं आणि संध्याकाळी फोन केला. चांगलंय म्हणाला, आबा बरोबर आलेत म्हणाला, आणि मग विचारलं, "मी कुठं हाय ह्यात?" सुमन थोरली झाली तेव्हाच दादा कादंबरीतनं गेला होता. त्याला ते सांगितलं, थोरलं पोर एकच पाहिजे होतं म्हणून. तो बराच वेळ गप्प बसला. त्याचं म्हणणं असं की ते सायझिंगला आबांसोबत स्कूटरवर मागं बसून जायचा तो, निरोप घेऊन व्यापाऱ्याकडं जायचा तो, आणि ते सगळं आता सुमनचं झालं. अगदी बरोबर आहे त्याचं. आत्याचं तिनं ठेवून घेतलं, दादाचं मी विचारल्याशिवाय घेतलं, कारण तो पानावर कुठं दिसतच नव्हता तर विचारायचं कशाला असं वाटलं असणार. त्याच्याशी यावर अजून बोलणं चालू आहे. माग विकल्यानंतर त्यानं गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझरकी केली, त्या दिवसांबद्दल तो आता मला फोनवर सांगतो आणि मी रेकॉर्ड करते, या वेळी आधी विचारून.

कार्यक्रमात हमखास विचारतात की यातलं खरं किती. मी सरळ सांगते: शेड खरी, वह्या खऱ्या, वजनकाटा खरा, बोनसचं भांडण खरं पण ते दोन वर्षांचं मिळून एक केलंय, पुण्याला जायला नाही म्हटलं ते खरं, सुमन त्यानंतर जे करते ते मी केलं नाही.